मशीनसाठी भाजलेले दाणे

लेतेब्रहान अस्मारा शहरात आमच्या शेजारी राहायची. तिचा नवरा तेकेस्ते एका कॉफी-बारमध्ये एस्प्रेसोच्या मशीनपाशी उभा राहून म्हातारा झाला. बार बंद पडला तेव्हा मालकाने ते जुनं, हाताने दांडा ओढायचं मशीन त्यालाच देऊन टाकलं. हातगाडीवर घालून त्याने ते घरी आणलं. मग आम्ही सगळे सकाळी कामावर जाताना त्याच्या पुढच्या खोलीत उभ्याउभ्या एक कप घेऊन निघायचो.

कॉफीचे दाणे मात्र लेतेब्रहानच भाजायची. अंगणात कोळशाची शेगडी, लांब दांड्याचा तवा आणि तिचा न थांबणारा हात. घरी कॉफी उकळायच्या मातीच्या सुरईसाठी दाणे तांबूस झाले की ती तवा उतरवायची, धूर जमलेल्या बायकांच्या नाकापाशी फिरवायची आणि लगेच कुटायला घ्यायची. मशीनसाठी तेकेस्तेला दाणे जास्त काळे, तेलाने जरा चमकणारे लागत. वर ते काही दिवस डब्यात मुरायला हवेत, असा त्याचा हट्ट. ते तिला अजिबात पटत नसे. शिळं खायची हौस म्हणून ती त्याला टोमणे मारायची. तो हसून डबा उंच फळीवर ठेवून द्यायचा. मशीनची कॉफी तिने कधी चाखलीसुद्धा नव्हती. बसून, आलं घालून, कपांच्या तीन फेऱ्या होतात ती खरी कॉफी, असं तिचं म्हणणं.

एका हिवाळ्यात तेकेस्तेचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून आल्यावर तो खिडकीशी बसून नुसता मशीनकडे बघत राहायचा. बोलणंही कमी झालं. आम्ही दारावरून जाताना पावलं न वाजवता जायचो.

लेतेब्रहानला ते बघवेना. एका सकाळी तिने मशीन तापवलं, आम्हाला हाका मारल्या आणि नुकतेच भाजलेले दाणे दळून दांडा ओढला. कपात फेसच फेस झाला. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं न करायचा खूप प्रयत्न केला.

तेकेस्ते खिडकीशी बसल्याबसल्या म्हणाला, "दाढीला लावायचा साबण केलास की काय?"

कित्येक दिवसांनी तो असं बोलला होता. तिने पदराने डोळे टिपले आणि त्याच्यावरच डाफरली, "मग सांग ना नीट. नुसता बसून काय राहिलास?"

त्याने सांगितलं. पुढच्या खेपेला तिने तवा जास्त वेळ हलवला. तो खुर्ची अंगणात घेऊन बसला. दाणे तडतडले तरी थांब म्हणाला, मग तडतड ओसरून बारीक चुरचुर सुरू झाल्यावर उतरव म्हणाला. डबा या वेळी तिनेच फळीवर ठेवला आणि मुरायचे दिवस पुरे होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही.

त्या डब्यातला पहिला कप तेकेस्तेने डाव्या हाताने तिच्यापुढे सरकवला. ती उभ्यानेच प्यायली.

"एवढ्याशा कपासाठी इतका खटाटोप?" ती म्हणाली.

"आवडली का?"

"कडू आहे." तिने तळाशी उरलेला घोटही संपवला. "पण शिळी नाही लागत."

त्यानंतर तेकेस्ते तीन वर्षं जगला. सकाळचं मशीन ती चालवायची, तो खुर्चीतून आमच्या खोड्या काढायचा. दुपारी अंगणात सुरईची कॉफी व्हायची. तिच्या मात्र तिन्ही फेऱ्या त्याला बसून घ्याव्या लागत, एकही चुकवायची सूट नव्हती.