कानातला रुपया

तुमच्याकडे ‘प्रोफेसर’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं हो? चष्मा, लांब कोट, पुस्तकांनी भरलेलं कपाट? मग तुम्ही आमच्या सोनगीरचे नाही!

आमच्या ह्यांना धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत सगळे ‘नाना’ म्हणतात. मास्तर व्हायला आलेल्या माणसांना मास्तरकी शिकवायची, हे त्यांचं काम. बी. ए., बी. टी. झालेले. मी आपली मॅट्रिक. ह्यांच्या मनात पहिल्यापासून एकच होतं, पुण्याच्या कॉलेजात शिक्षणशास्त्राचं प्रोफेसर व्हायचं. त्या एका ध्यासापायी आमच्या घरात इतके किस्से साठले की काही विचारू नका. मी कितीदा ते विसरायचे ठरवले. पण तुरीच्या डाळीतल्या खड्यांसारखे असतात ते. कितीही निवडा, चार माणसं जेवायला बसली की एक तरी दाताखाली येतोच!

* * *

हा बेत ह्यांनी आधी सांगितला तो सोनगीरला, माझ्या सासऱ्यांना. त्यांना सारं गाव आबा म्हणतं. शेतकरी माणूस, तोंडात अहिराणीशिवाय दुसरी भाषा नाही.

“आबा, मी प्रोफेसर व्हनार शे,” हे म्हणाले.

आबांनी विडी विझवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “इतलं शिकीसन तंबूमा खेळ करशी?”

आम्हाला आधी काही उमजेना. मग उलगडा झाला! सोनगीरच्या बाजारात दर वर्षी जादूचा एक तंबू लागे. त्याच्या दारावर कापडी पाटी असे, ‘प्रोफेसर अमुक यांचे अद्भुत प्रयोग’. तो माणूस लोकांच्या कानातून रुपया काढून दाखवी. आबांनी जन्मात पाहिलेला प्रोफेसर तो एवढाच!

‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हा ह्यांचा शिकवण्याचा मंत्र. म्हणजे माणसाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची आणि जे ठाऊक नाही तिथवर न्यायचं. आबांना शाळा ठाऊक होती, मास्तर ठाऊक होता. तिथून एकेक पायरी चढवत ह्यांनी त्यांना पुण्याच्या कॉलेजपर्यंत नेलं. आबांनी सगळं मनापासून ऐकलं.

“समजनं,” ते म्हणाले. “पन कानमातून रुपया काढता येस ना?”

“नाही आबा. शिक्षणात फसवणूक बसत नाही.”

“मंग कसाना प्रोफेसर!”

तरी बापाचं मन. संध्याकाळी पारावर जाऊन सांगून आले, “मन्हा आंडोर प्रोफेसर व्हनार शे. एक दिन बठ्ठा गावले खेळ दखाडी!” म्हणजे साऱ्या गावाला खेळ दाखवील!

* * *

धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मारवाडी शेठजींचं किराणा दुकान होतं. ह्यांना ते फार मान देत. एकदा साखर बांधता बांधता म्हणाले, “नानासाब, एक विचारू? पोरांना कोण शिकवतो?”

“मास्तर.”

“मास्तरांना?”

“आम्ही.”

“अन् तुम्हाला?”

“कॉलेजातले प्रोफेसर.”

“अन् प्रोफेसरांना?”

“त्यांना... पुस्तकं.”

शेठजींनी पुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, आणि म्हणाले, “मग सरळ पोरांनाच पुस्तकं द्या की! मध्ये इतकी दलाली कशाला?”

त्या दिवशी हे साखर दुकानातच विसरून आले.

* * *

आता मिठाचा किस्सा. हा मला भाऊंनी सांगितला. भाऊ म्हणजे ट्रेनिंग शाळेचे ड्रॉइंग मास्तर, आमचे शेजारी. ह्यांच्यावर त्यांचं प्रेम फार, आणि जीभ त्याहून जास्त.

पुढचं शिकायला पुण्याला जायचं तर इन्स्पेक्टरसाहेबांची शिफारस लागे. साहेब ह्यांचा आदर्श पाठ पाहायला आले. पाठ कसा, तर पंचपदीचा, म्हणजे पाच पायऱ्यांचा. पहिली पायरी प्रस्तावना. मुलांना असे प्रश्न विचारायचे की विषयाचं नाव त्यांच्याच तोंडून यावं. मास्तरानं ते आधी घ्यायचं नाही. घेतलं की पाठ बाटला!

ह्यांनी विषय निवडला होता ‘मीठ’. साधा, घरातला, मुलांच्या ओळखीचा.

“आई भाजीत काय घालायला विसरली की वडील रागावतात?”

एक पोरगा उठून म्हणाला, “गुरुजी, ती काहीच नही विसरनी तरी रागवतस!”

साहेब हसले. ह्यांना धीर आला. “बरं, समुद्राच्या पाण्यापासून काय तयार करतात?”

सगळा वर्ग एका दमात ओरडला, “सत्याग्रह!”

मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष होतं ते. साऱ्या देशाला ठाऊक होतं, फक्त आमच्या ह्यांच्या पंचपदीला ठाऊक नव्हतं! साहेबांची पेन्सिल जागच्या जागी थांबली. जाताना शेरा लिहून गेले, ‘प्रस्तावना अत्यंत परिणामकारक. शिफारस नाही.’

भाऊ म्हणाले, “नाना, पुढच्या खेपेला साखर घ्या. दुकानात पडलीच आहे!”

* * *

शिफारस मिळायला आणखी काही वर्षं गेली. मग ह्यांनी एम. एड.चा प्रबंध घेतला. विषय, ‘खेड्यातील मुलांचे कुतूहल’. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत हे आठवडाभर जाऊन बसले. मुलांना म्हणाले, “तुमच्या मनात येईल ते मला विचारा. आभाळाबद्दल विचारा, आगगाडीबद्दल विचारा. काहीही विचारा!”

मुलं गप्प. रोज हे तेच म्हणत, रोज मुलं गप्प. शेवटी एक चिमुरडी उभी राहिली. ह्यांना केवढा आनंद! “विचार बेटा, विचार.”

“गुरुजी, तुम्ही घर कव्हय जाशात?”

ह्यांनी तो ‘घरी कधी जाणार’चा प्रश्न प्रबंधात घेतला. ‘कालविषयक कुतूहल’ म्हणून! आणि परीक्षकांनी त्याच पानावर ‘उत्तम’ असं लिहिलं.

* * *

एका वर्षी तो जादूचा तंबू धुळ्याला आला. एका दुपारी दारात एक गृहस्थ उभे. पिळदार मिशा, जरीचा कोट, हातात उंच टोपी. सोनगीरच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की धुळ्यात आमच्या गावचे एक प्रोफेसर होऊ घातलेत. म्हणून बिचारे आपल्याच धंद्यातल्या माणसाला भेटायला आले होते!

“आपली कंपनी कोणती?” त्यांनी विचारलं.

“सरकारी,” हे म्हणाले.

“वा! म्हणजे पगार वेळेवर. माणसं किती बसतात?”

“वर्गात पस्तीस.”

“पस्तिसांत भागतं?” ते मनापासून हळहळले.

मी चहा टाकला. मला वाटलं, हे त्यांना वाटेला लावतील. पण ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. “एक विचारतो. माझ्या वर्गात दहाव्या मिनिटाला माणसं पेंगतात. तुम्ही एवढ्या लोकांचं अवधान कसं टिकवता?”

“सोपं आहे,” ते प्रोफेसर म्हणाले. “लोक डाव्या हाताकडे बघत असले की काम उजव्यानं करायचं.”

ह्यांनी ते लिहून घेतलं. मग खोलीचं दार लोटलं गेलं ते दिवेलागणीपर्यंत उघडलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या खोलीतून आवाज येई. ठण्ण! चांदीचा रुपया फरशीवर पडल्याचा. मी डोकावले की हे म्हणत, “अवधानाचा प्रयोग चाललाय.” भाऊ भिंतीपलीकडून ओरडत, “वहिनी, नानांनी सराफी काढली का?”

केर काढताना रुपया खाटेखाली सापडला की मी तो टेबलावर ठेवून देत असे.

* * *

पुण्याची पहिली मुलाखत मात्र ह्यांच्या जिवाला लागली. कमिटीतल्या एकानं विचारलं, “विलायतेला जाऊन आलात?”

“नाही.”

“मग खेड्यातल्या शिक्षणाची तुम्हाला काय कल्पना असणार?”

ती जागा विलायतेहून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. हिंदुस्थानातल्या खेड्यांतल्या शाळांवर त्यांनी तिकडे बसून चांगला जाडजूड ग्रंथ लिहिला होता. आता एखादी शाळा पाहावी, असं त्यांच्या मनात आलं. माणूस तसा सज्जन. ह्यांनाच लिहिलं, ‘एखादं खेडं दाखवाल का?’ हे त्यांना सोनगीरला घेऊन गेले. मीही बरोबर होते.

आबा ओट्यावर बसले होते. पाहुण्यांचा सूट पाहिला, हॅट पाहिली, आणि त्यांचे डोळे चमकले. “हाऊ प्रोफेसर शे?”

“हो आबा, खरे प्रोफेसर.”

आबा उठले, पाहुण्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, “काढा रुपया!”

पाहुणे लालबुंद झाले. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, हे जमिनीकडे. मग त्यांनी गुपचूप पाकीट काढलं आणि एक रुपया आबांच्या तळहातावर ठेवला!

आबांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

“खिसामातून तं मी बी काढस!”

आणि ‘खोटा प्रोफेसरना रुपया’ म्हणून तो पागोट्याच्या टोकात बांधून ठेवला. परत काही दिला नाही. परतीच्या वाटेत पाहुण्यांना समजावून सांगायला ह्यांची जीभ उचलेना. घरी आल्यावर म्हणाले, “संपलं. आता पुण्याचं दार बंद.”

* * *

पण ते गृहस्थ पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले आणि ती जागा पुन्हा निघाली. ह्यांची ही शेवटची खेप. पुढच्या साली वयाच्या अटीत बसत नव्हते. आदल्या दिवशी हे एकटेच अंगणात फेऱ्या घालत होते. भाऊ कुंपणापाशी आले, पण त्या दिवशी त्यांनाही थट्टा सुचली नाही.

मुलाखतीला हे आत गेले, तर कमिटीत तेच गृहस्थ!

“या, या!” ते म्हणाले. “वडील अजून रुपये गोळा करतात का?”

सगळे हसले. मग ह्यांनी काय करावं? हेही हसले, आणि तंबूपासून सारी हकिकत सांगितली. ते गृहस्थ तर हसता हसता डोळे पुसायला लागले. वेळ संपली. शिक्षणशास्त्रावर फारसं काही विचारायचं राहूनच गेलं.

नेमणूक झाली. हे म्हणतात, प्रबंधामुळे झाली. मी काही बोलत नाही.

सोमवारी सकाळी पुण्याला हजर व्हायचं होतं. त्याआधी आबांच्या पाया पडायला शनिवारी सोनगीरला गेलो. रविवारी सकाळच्या मोटारीनं धुळं, तिथून आगगाडी, असं ठरलं होतं. पण आबांनी शनिवार संध्याकाळची दवंडी गावात पिटवली होती! बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सारं गाव पारापुढे येऊन बसलं होतं.

हे पारावर उभे राहिले आणि ‘शिक्षण म्हणजे काय’ या विषयावर बोलले. चांगलं बोलले. कुणी उठलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. ह्यांना वाटलं, लोक रंगलेत. भाषण संपवून ह्यांनी नमस्कार केला. टाळी नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा आबांकडे वळून म्हणाला, “आबा, खेळ कव्हय सुरू व्हई?”

आबांची मान खाली गेली. इतकी वर्षं गावाला सांगत आलेला माणूस. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग ते हळूहळू पार चढले. पागोट्याचं टोक सोडलं, तो विलायती प्रोफेसराचा रुपया काढून ह्यांच्या हातात दिला, आणि ह्यांच्यापुढे मांडी घालून, कान पुढे करून बसले.

“काढ, भो.”

शिक्षणात फसवणूक बसत नाही, हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं.

ह्यांनी डावा हात उंच केला. सारं गाव डाव्या हाताकडे बघू लागलं.

रुपया आबांच्या कानातून निघाला!

काय ओरडले लोक! पारावरच्या झाडातली पाखरं उडाली. आबांनी आपला कान चाचपून पाहिला, रुपया पाहिला, आणि म्हणाले, “आते व्हयना प्रोफेसर!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन बाहेर आलो, तर ओट्यावर माणसांची रांग बसली होती. पहिला माणूस हात जोडून उठला. “मन्ही म्हैस हारपनी, प्रोफेसरसायेब. काढी द्या.” तिकडे रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. ह्यांनी हातातली बॅग खाली ठेवली, त्याच्यासमोर बसले, आणि विचारलं, “शेवटची कुठे दिसली होती?” म्हैस गावच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सापडली, मोटार निघून गेली, आणि शिक्षणशास्त्राचे प्रोफेसर म्हशीवाल्याच्या बैलगाडीतून धुळ्याला गेले.