खालची ओळ उजवीकडून

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी, वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. मंगळवेढ्याकडची; स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा दुपारी ती पुस्तक घेऊन खाली आली.

"काकू, काकांची ती बेरजेची युक्ती सांगा की. सूत्र पाठ हाय, पण ऐन पेपरात गोंधळ होतो बघा."

माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मी ग्रंथालयात नोकरी केलेली; आकड्यांशी माझा संबंध पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकांपुरता. तरी "येते की मला," मी म्हणाले. त्यांची एवढी एक गोष्ट तरी माझ्याजवळ शाबूत असावी, असं फार वाटत होतं.

गणित सभागृहातल्या खुर्च्यांचं होतं. दहा रांगा, पहिलीत बारा खुर्च्या, पुढच्या प्रत्येक रांगेत दोन जास्त. एकूण किती? मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे बारा, चौदा, सोळा असं तीसपर्यंत लिहिलं. त्याखाली तेच उलट, तीसपासून बारापर्यंत. वरखालची कुठलीही जोडी घ्या, बेरीज बेचाळीस. अशा दहा जोड्या. चारशे वीस.

तिने पुस्तकात मागे पाहिलं. "काकू, हे तर दुप्पट आलं की! दोनशे दहा पायजे."

मी पानाकडे बघत बसले. तिच्या पुढ्यातला चहा निवला. युक्तीतलं काहीतरी माझ्या हातून सांडलं होतं.

मग आठवलं. खालची ओळ ते कधी लिहीतच नसत. ती माझी. संध्याकाळच्या चहानंतर ते डावीकडून सुरू करायचे, मी उजवीकडून, दोघंही बारापासूनच. पानाच्या मध्यावर हात आडवे यायचे.

"बाई, वाट सोडा की," ते म्हणायचे, आणि स्वतःचा हात तिथेच ठेवायचे.

"आधी तुम्ही."

शेवटी हसून म्हणायचे, "त्याच खुर्च्या दोघांनी मोजल्या. आता निम्मं नको का करायला?" ते निम्मं करणं नेहमी त्यांच्याकडे. म्हणून तर मी विसरले.

मी कोरं पान घेतलं. "खालची ओळ तू लिही," तिला म्हटलं. "उजवीकडून ये. शेवटी निम्मं करू."

आम्ही लिहू लागलो. मध्यावर तिची बोटं माझ्या हाताला लागली. "सॉरी काकू," म्हणत तिने हात चटकन मागे घेतला.

मी माझा हात जरा वेळ तिथेच राहू दिला.