मज्जातंतूंवरची कांजी

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याच्या मेंदूचा फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि त्यातल्या पांढऱ्या डागांवर पेन टेकवलं. मी प्रश्न लिहूनच नेले होते.

"मेंदूतल्या पेशीला दोऱ्यासारखी लांब शेपटी असते, तिच्यातून निरोप जातो. शेजारच्या मदतनीस पेशी आपले हात लांबवून त्या दोऱ्यांवर चरबीचं वेष्टण गुंडाळतात. यांच्या शरीराचे राखणदारच ते वेष्टण कुरतडतायत. मग निरोप वाटेत अडखळतो, कधी पोचतच नाही."

हे सावरून बसले. "म्हंजे सूत शाबूत हाय, कांजी उडालीय."

कामतघरला आमचा साइझिंगचा कारखाना होता. ताण्याचं, म्हणजे कापडातलं उभं सूत मागावर चढण्याआधी गरम कांजीतून काढायचं, वाफेने तापलेल्या लोखंडी ढोलांवरून सुकवायचं, मग बीमच्या भल्यामोठ्या रिळावर गुंडाळायचं. कांजी नीट बसली नाही तर मागाच्या झटक्यांनी धागे तुटतात.

"साधारण तसंच," डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'साधारण' यांनी ऐकलंच नाही.

सलाईनमधून इंजेक्शनं झाली, जड पडलेले पाय पुन्हा उचलू लागले. घरी आल्यावर मी औषधांचा डबा वारांप्रमाणे लावला, रिक्षावाला ठरवला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. हे मात्र दुसऱ्याच दिवशी कारखान्यात, तापलेल्या ढोलांजवळ खुर्ची टाकून.

"अहो, घामानं निथळताय!"

"अगं, इंजेक्शनानं कांजी चढवली, ती सुकवाय नको? ओली कांजी कधी टिकलीय?"

बॉयलरवाले चाचा हसले. "सेठ, बीम पे आप को ही लपेट दूँ?"

"लपेट, पर धागा मत तोड़ना!"

थोड्या वेळाने हे उठायला गेले आणि पाय जागचे हलेनात. यांच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर. आम्ही खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं.

"उघड्या पडलेल्या तंतूतून निरोप आधीच जेमतेम जातो," दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले. "अंग तापलं की तोही थांबतो. थंडावलं की ताकद परत येईल."

"आणि वेष्टण? ते परत बसतं का?" मी विचारलं.

"थोडंफार. मदतनीस पेशी डागडुजी करतात. पण किती, कधीपर्यंत, आणि पुढचा झटका कधी येईल, ते मला सांगता येणार नाही."

प्रश्नांच्या कागदावर उत्तरांसाठी जागा सोडली होती. तिथे काय लिहायचं?

"कारखान्यात जाऊ ना?" यांनी विचारलं.

"उष्णतेपासून लांब राहा."

तेव्हापासून हे फाटकाबाहेर बदामाच्या सावलीत बसू लागले. चाचा सुकलेल्या सुताची लड बाहेर आणून देत. पूर्वी हे चिमटीत धरताच सांगायचे, कांजी जास्त झाली की कमी. आता बोटं बधिर होती. अंगठा नुसता सुतावरून फिरत राहायचा आणि चाचा रस्त्याकडे बघत उभे राहायचे.

एकदा मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर यांनी लड माझ्यापुढे धरली.

"तू बघ. नीट बसलीय का?"

मी सूत चिमटीत धरलं. घरचा धंदा असून मला त्यातलं काही कळत नव्हतं. आत मशीन थांबवून माणसं उत्तरासाठी खोळंबली होती.

"सांग ना गं," हे म्हणाले.