ड्राय डेचं लिंबू

वरणावर लिंबू पिळलं की बोटांना वास राहतो, आणि क्षणभर वाटतं, अण्णा आले. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लातुरात एका वाईन शॉपच्या काउंटरवर होते. शिमगा असो की एकतीस डिसेंबर, जगाच्या सणाला त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. दिवसाउजेडी घरी दिसायचे ते फक्त ड्राय डेला. दुकानातून निघताना हातांचा दारूचा वास जावा म्हणून लिंबाची फोड तळहातांना चोळायचे आणि मगच सायकल काढायचे. मी बारावीला होते त्या वर्षी क्लासवाल्यांनी गांधी जयंतीलाच टेस्ट ठेवली. अण्णांचा एवढा एक दिवस हातचा गेला म्हणून मी रडवेली झाले, तर ते म्हणाले, "तू जा माय, मी येतो तिथं." टेस्ट देऊन बाहेर आले तेव्हा समोरच्या गुलमोहराखाली अण्णा मांडीवर डबा घेऊन बसले होते. मागच्या भिंतीवर मेरिटमधल्या पोरांचे फोटो, आजूबाजूला सायकलींची गर्दी, आणि त्यातच आम्ही दोघं धपाटे आणि दही खात बसलो. त्यांनी तुकडा मोडून हातात दिला, तर त्याला लिंबाचा वास. मी म्हणाले, "अण्णा, आज तर दुकान बंद हाय की." ते हसले. "हाव. पण लिंबू लावल्याबिगर तुझ्याजवळ बसावं वाटत न्हाई." आता अण्णा नाहीत, मला दर रविवारी सुट्टी असते, तरी नवं कॅलेंडर घरात आलं की मी आधी ड्राय डेच शोधते.