कांद्याची मुळं

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या प्रयोगशाळेत आम्ही कॅन्सरवरचं प्रत्येक नवं संयुग आधी कांद्याच्या मुळांवर तपासायचो. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक धागे ताणले जातात. संयुगाने ते मोडले की मुळांची वाढ खुंटायची. मुळांची वाट लागली की आम्ही खूश. चातुर्मासात आई मला अंघोळीशिवाय देवघरात येऊ द्यायची नाही. "दिवसभर कांदे हाताळतोस," म्हणायची. मी जाम वैतागायचो.

पुढे तिलाच कॅन्सर झाला. तिला त्याच जातीचं औषध सुरू झालं. गाठ आटली, पण बोटं बधिर झाली. देवघरात वाती वळायला बसली, तर कापूस हातातून निसटू लागला. नसांमध्येही तेच धागे असतात, हे मी तिला समजावलं.

"म्हणजे मीपण कांदाच की रे," ती म्हणाली आणि देवघरातून उठली.