बाळासाठी आणलेलं लुगडं

सिस्टरने माझ्या मांडीवर चापट मारली. "ओरडू नको. नवऱ्याजवळ गेली तेव्हा ओरडली होती का?"

शेजारी उभी असलेली दुसरी सिस्टर हसली. डॉक्टर मोबाइल बघत होते. माझं पहिलं बाळंतपण. सरकारी दवाखाना, एकच टेबल, आणि त्यावर उताणी मी. ओठ दाताखाली धरला आणि गप्प झाले. लाज मला वाटली, तिला नाही. याचा संताप आजही येतो.

माझी माय दाराशी उभी होती. हातात पिशवी, पिशवीत तिचं जुनं सुती लुगडं. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा नव्या कपड्यात घेत नाहीत. नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं धुऊन, उन्हात वाळवून ठेवतात. हे लुगडं नेसून मायने वांग्याची वाडी निंदली होती, बाजारात बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकल्या होत्या.

मुलगी झाली. ती रडली, आणि सिस्टर मायला म्हणाली, "बाई, फडकं आणलं ना? फरशी पुसून घ्या. सभापतींची सून यायची आहे."

बाजार समितीच्या सभापतींची.

"हे लेकरासाठी आणलं जी," माय म्हणाली.

"लेकराला टॉवेल आहे ना? पुसा लवकर. इथं सफाईला माणूस नाही."

माय खाली बसली. माझं रक्त तिने त्या लुगड्याने पुसलं. बाळ खरखरीत टॉवेलात. मी टेबलावरून सगळं बघत होते आणि मला उठता येत नव्हतं.

सफाईला माणूस नव्हता हे खरंच होतं. जागा रिकामी होती, कोणी भरत नव्हतं. पण दुपारी सभापतींची सून बाळंत झाली तेव्हा तिच्या सासूला कोणी फडकं मागितलं नाही. सिस्टर आमच्या खाटेपाशी आली. "बाई, या जरा. तुमचा हात बसला आहे."

माय उठली.

"माय, काऊन जाऊन राह्यली वं?"

"तू अजून त्याइच्या हातात हाये, पोरी," ती हळूच म्हणाली. आणि गेली.

दुसऱ्याच्या सुनेचं रक्त पुसून आली. हात धुतले. माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. माणूस नाही म्हणून पुसायचं, तर सगळ्यांनी पुसायचं. आमच्याच मायचा हात कसा काय बसला? हा प्रश्न मी घरी घेऊन आले. चुलीपुढे, वाफ्यात, बाजारात, कुठेच तो मला सुखाने बसू देईना.

यंदा धाकटी बहीण बाळंतपणाला आली. तोच दवाखाना. मायने दुसरं लुगडं धुतलं. या वेळी तिला घरी बसवलं आणि पिशवी मी घेतली.

टेबलावर चढता चढता बहिणीची पाणमोट फुटली. खाली पाणीच पाणी. सिस्टर वेगळी होती, बोलणं तेच. "आधी फरशी पुसा, मग तपासते."

"नाही पुसत. हे लुगडं बाळाचं आहे."

"मग घेऊन जा वर्ध्याला."

बहीण कळांनी पिळवटत होती. "ताई, पूस ना वं. तुया पाया पडते."

माझ्या हट्टापायी तिचं काही बरंवाईट झालं तर? खरं सांगते, मी पिशवीत हात घातला होता. लुगडं बोटांना लागलं. मऊ. आणि मला फरशीवर बसलेली माय दिसली. मी दार उघडलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "फरशी पुसल्याबिगर माह्या बहिणीले तपासत नाई म्हणते ही बाई! या, पाहा!"

खाटांवरच्या बाया उठल्या. ओल्या बाळंतिणी, त्यांच्या आया, सासवा. दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी ती फरशी पुसली होती.

सिस्टरने एक पोतं टाकलं, पायानेच पाणी सरकवलं, हातमोजे चढवले आणि तपासलं.

भाचा झाला. त्याला मी लुगड्यात घेतलं. त्यानंतर मात्र आम्हाला गरम पाणीसुद्धा कोणी दिलं नाही. टाके ओढून ओढून घातले. बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं बरोबर आहे, सोसलं तिनेच. तरी मला पस्तावा नाही.

आता गावातली कोणतीही बाई कळा घेऊन निघाली की मी सोबत जाते. दाराशी नाही, टेबलापाशी उभी राहते. माणूस नसेल तर माणूस नेमा. आमच्या मायांनी तुमची रिकामी जागा भरायची नाही.