पेट्रोलची पहिली धार

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर आहे. भूत, भानामती, करणी, बाहेरचं, यांतलं काहीही माझ्यासमोर कुणी काढलं की मी त्याला जीभ दाखवायला सांगतो आणि जुलाबाचं औषध देतो. नंदुरबारात माझी ख्यातीच तशी आहे. या सदरातली भुताखेतांच्या अनुभवांची पत्रं वाचून मी आजवर पोट धरून हसत आलो. आता माझंच पत्र वाचून गावातले चार लोक हसतील. हसोत बापडे! पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण यात एका माणसाच्या नावाचा प्रश्न आहे.

गोष्ट लढाई सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यातली. तेव्हा पेट्रोल कुपनावर नव्हतं, पत्र्याच्या डब्यांतून हवं तेवढं मिळायचं. माझा दवाखाना स्टेशनच्या रस्त्यावर, मागे घर, आणि बाजूला पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये दिवाळीच्या सुमारास माझी नवी मोटार येऊन उभी राहिली. काळी, चकचकीत, बसल्यावर नव्या कातड्याचा वास. विकणाऱ्या एजंटाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, गॅलनला अठरा मैल कुठे गेले नाहीत.

आणि ते खरंही ठरलं. पहिले काही आठवडे गाडीने खरोखर अठरा मैल दिले.

ड्रायव्हर होता रेवजी. खांडबाऱ्याकडचा, डोंगरातला. घरी त्यांची डोंगरातल्या कोकणा लोकांची बोली, आमच्याशी मात्र अहिराणी. लाकडाच्या लॉऱ्यांवर शिकलेला, पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. गाडीवर त्याचा जीव. मी त्याला एक खाकी टोपी दिली होती, ती तो जेवतानाही काढायचा नाही. रोज सकाळी रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचा, हँडल मारून गाडी सुरू करायचा आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटायचा.

एका सकाळी मी दात घासत शेडपाशी गेलो. बघतो तर रेवजीने पेट्रोलचा नवा डबा फोडला, आणि टाकीत ओतण्याआधी थोडंसं खाली मातीत सांडलं. चुकून नव्हे… मुद्दाम, बारीक धार धरून.

"हे काय रे? कुणाला घालतोस?"

"ज्या आपला आगोदर गयात त्यासले, साहेब."

"त्यांना पेट्रोल लागतं?"

तो हसला नाही. "गाडी पिस ना? मंग पिनारानी एकलं पिऊ नही. पहिली धार त्यासनी. दारू ऱ्हावो, पानी ऱ्हावो."

त्यांच्याकडे मोहाची दारू पिताना पहिली धार जमिनीला देतात, गेलेल्या माणसांच्या नावाने. हे मला ठाऊक होतं. पण पेट्रोलची? मी खो खो हसलो, आणि मग चिडलो. "पेट्रोल म्हणजे काय तापीचं पाणी आहे का रे? पुन्हा एक थेंब सांडलास तर बघ!"

रेवजी म्हणाला, "बरं साहेब." आणि त्या दिवसापासून त्याने धार टाकणं बंद केलं. त्याने माझी आज्ञा मोडली नाही, हे ध्यानात ठेवा.

मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे सकाळी बोटं स्टेथोस्कोपला चिकटतात. गाडी गॅलनला चौदा मैलांवर आली. मग दहा. मग सात! माझ्या फेऱ्या सगळ्या गावातल्याच. दवाखान्यातून बाजारात, बाजारातून स्टेशनकडे, पाच पाच मिनिटांवर थांबे. धुळ्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने कार्ब्युरेटर उघडला, प्लग बघितले, गाडीखाली झोपून टाकी चाचपली. म्हणाला, "साहेब, थंडीत इंजिन तापेपर्यंत चोक ओढावा लागतो, त्यात तुमच्या आखूड फेऱ्या. पेट्रोल जास्त जाणारच. पण इतकं नाही. चौदापर्यंत ठीक आहे, सात म्हणजे दुसरंच काहीतरी आहे." आणि त्याने कुणाला दिसणार नाही अशा बेताने रेवजीकडे भुवई उडवली.

आमचे कंपाउंडर केशवराव तर किती दिवस तेच म्हणत होते. "डॉक्टरसाहेब, भोळे आहात. डबा कुणाच्या हातात असतो?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी रेवजीला दवाखान्यात बोलावलं. बाकावर दहा-बारा पेशंट. त्यांत दोघं खांडबाऱ्याकडचे, हे मला नंतर कळलं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "रेवजी, पेट्रोल कुणाला विकतोस?"

"मी नही लिन्ह, साहेब."

"चोर तो चोर, वर शिरजोर!" मी टेबलावर हात आपटला.

रेवजीने टोपी काढली, टेबलावर ठेवली. तिच्यावर गाडीची किल्ली ठेवली. म्हणाला, "आते तुम्हीच चलावा, साहेब. मंग समजीन." आणि पायऱ्या उतरून गेला. 

त्यानंतर गाडी मीच चालवू लागलो. टाकी मोजायची म्हणजे बांबूची काठी आत बुडवायची आणि ओल किती बोटं आली ते बघायचं. शेडला नवं कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. रात्री झोपताना चार बोटं, सकाळी चार बोटं. म्हणजे उभ्या गाडीतून चोरी नाही. गाडीखाली पांढरं धोतर पसरून ठेवलं, एक डाग नाही. म्हणजे गळती नाही. मग गाडी घेऊन स्टेशनपर्यंत गेलो आणि आलो, जेमतेम दोन मैल. काठी घातली… तीन बोटं!

गाडीत मी एकटा होतो. डबा माझ्या हातचा, टाकी माझ्या डोळ्यांसमोर. पेट्रोल तरीही गेलं.

मला धक्काच बसला. पेट्रोल गेल्याचा नव्हे. रेवजीने ते घेतलं नव्हतं, हे कळल्याचा.

तरी मी गप्प बसलो. हो, बसलो! चूक कबूल करायला जीभ उचलत नाही माणसाची. म्हटलं, असेल काही यांत्रिक बिघाड. पण गाडी चालवताना मला आता एक गोष्ट जाणवू लागली होती. ती भरल्यासारखी चालायची. स्टेशनकडच्या जरा चढावर कण्हायची, मागची स्प्रिंग दबल्यासारखी वाटायची. मी मागे वळून बघायचो. सीट रिकामी.

मग त्या म्हातारीचा प्रसंग झाला. मिरच्यांच्या व्यापाऱ्याची आई, खोकल्याची जुनी पेशंट. सकाळी दहाची वेळ, अंगणात लखलखीत ऊन. म्हातारी ओट्यावर बसलेली. मी गाडी दारात उभी केली, आत जाऊन तिच्या सुनेला औषध कसं द्यायचं ते समजावलं आणि बाहेर आलो. म्हातारीने मला कपबशी दिली आणि म्हणाली, "मांगे बठेल शेतस ना चारी जन, त्यासले बी चहा धाडा शे."

"कोण चार जण, माय?"

"तुन्हा गाडीमां! कवयपासून बठेल शेतस बिचारा, उतराले तयार नहीत."

तेवढ्यात तिची मोलकरीण ताट घेऊन परत आली. चार कप, चारही भरलेले. "तठे कोनीच नही शे," असं म्हणून ती आत गेली. म्हातारीला मोतीबिंदू आहे, मीच तपासलाय तो. तिला हातभर लांबचंही धड दिसत नाही. पण मी चहा न पिताच कपबशी ओट्यावर ठेवली. आणि कानात रेवजीचं वाक्य… पिनारानी एकलं पिऊ नही.

त्याच आठवड्यात खांडबाऱ्याच्या बाजाराचा दिवस होता. मी टाकी काठोकाठ भरली, वर एक भरला डबा घेतला, रेवजीची टोपी घेतली आणि सकाळीच निघालो. अंतर वीस मैलांच्या आसपास. पोहोचेपर्यंत टाकी संपली, वाटेत थांबून ओतलेला डबाही संपला. डब्याच्या तळाशी कपभर पेट्रोल तेवढं राहिलं होतं. तिथे पेट्रोल मिळायची सोय नाही. म्हटलं, आता बैल जुंपून परत जावं लागणार.

रेवजी तिथल्या स्टेशनजवळ लाकडं भरत होता. खांद्यावर ओंडका. ज्या हातांत माझ्या गाडीचं स्टीअरिंग असायचं त्यांची सालं निघून रक्त आलेलं. मला बघून त्याने ओंडका खाली ठेवला. मी हात जोडले.

"रेवजी, चुकलो रे. माफ कर."

"माफी मन्हाजोडे नका मांगू, साहेब." त्याचा आवाज शांत होता, आणि त्यानेच मला जास्त लागलं. "चोर कोनासमोर म्हनात? लोकसमोर. मंग लोकसमोरच काढा ना तो शब्द."

मग त्याने सांगितलं. दवाखान्यातले ते दोन पेशंट गावी गेले आणि सगळं बोलले. रेवजीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "व्याही म्हनस, चोरना घरनी पोर नको. पोर चार दिवस झायात, खाई नही ऱ्हायनी."

भर बाजारात मी गाडीच्या फूटबोर्डवर चढलो. एवढा मी डॉक्टर, कोट-टाय घातलेला, आणि समोर भाजीवाल्या, मिठाचे दुकानदार, डोंगरातून उतरलेली माणसं. मी ओरडून म्हणालो, "रेवजीने माझं पेट्रोल चोरलं नाही. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी आहे."

गर्दीत पुढेच एक म्हातारा उभा होता, पांढऱ्या फेट्याचा. तोच व्याही. तो कानावर हात ठेवून म्हणाला, "आखो सांगा. मांगे आयकू नही उनं."

मी पुन्हा सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं. मग त्या म्हाताऱ्याने पळसाच्या पानाचा द्रोण मागवला, त्यात मोहाची दारू ओतली, पहिली धार जमिनीला दिली आणि द्रोण रेवजीला दिला. एकत्र प्याले म्हणजे मिटलं. मग द्रोण माझ्याकडे आला. जन्मात दारू न शिवलेला मी… पहिली धार मातीत टाकली आणि एक घोट गिळला. ओकारी आली होती, पण गिळला.

गाडीपाशी आल्यावर मी काठी टाकीत घातली. टोकाला ओल लागली, बस्स. म्हटलं, "रेवजी, डब्यात कपभर आहे, तेवढं टाकीत ओत. जाईल तिथवर जाईन."

रेवजीने डबा उचलला आणि ते कपभर पेट्रोल जमिनीवर ओतलं. सगळं!

"अरे, तेवढंच होतं!" मी किंचाळलो.

"जा आते," तो म्हणाला. "पुरीन."

मी टोपी पुढे केली. "चल ना माझ्याबरोबर. गाडी तुझीच आहे."

त्याने टोपी घेतली. बोटाने तिच्यावरची धूळ झटकली. मग ती माझ्या हातात परत दिली. "गाडीना राग नही शे साहेब, तुमनाबी नही. पन आते मन लागाव नही." आणि ओंडका उचलायला गेला.

मी निघालो. पहिल्या वळणावर बंद पडेल, म्हटलं. पडली नाही. नाला ओलांडला, चढ चढला. गाडी पिसासारखी हलकी. दिवस मावळायच्या आत नंदुरबारला दवाखान्यासमोर उभा राहिलो. तिथल्या तिथे काठी घातली. टोकाला ओल, खांडबाऱ्याला होती तेवढीच. केशवरावांनीही बघितली. त्यांनी मला ताप आहे का म्हणून हात लावून पाहिला.

वीस मैल गाडी कशावर चालली? मी मेकॅनिकला विचारलं, स्टेशनवरच्या इंजिन ड्रायव्हरला विचारलं, पुस्तकं चाळली. काठी चुकली असेल, टाकीच्या कोपऱ्यात पेट्रोल अडकलं असेल, असं सगळे म्हणतात. असेल. त्याच थंडीत, त्याच आखूड फेऱ्यांत गाडी पुन्हा अठरा मैल देऊ लागली, तेही एवढंच खरं. आता कुपनं मोजून पेट्रोल मिळतं, तरी नवा डबा फोडला की पहिली धार मी मातीत टाकतो. लोक म्हणतात, डॉक्टरला म्हातारचळ लागला.

रेवजीच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मला आमंत्रण आलं नाही. मी वाट बघितली होती. टोपी दवाखान्यात खुंटीवर आहे. दुसरा ड्रायव्हर मी ठेवला नाही.

पेट्रोल कुठे जात होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण एक गोष्ट सांगता येते. नवं कुलूप लावण्याआधी, रेवजी होता त्या दिवसांत, शेडची एक किल्ली केशवरावांकडेही असायची, आणि डबे त्यांच्याच खोलीत ठेवलेले असायचे. त्यांनी काही घेतलं नव्हतं, माझी खात्री आहे. पण त्यांना मी एकदाही विचारलं नाही. विचारावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.